छावणीची झाडे

अंगणातील तुळशीला पाणी कोणी घालायचे, हे त्या घरात ठरलेले असते. परसातला आंबा मोहरला की त्याची राखण कोण करणार, हेही ठरलेले असते. परंतु घराचे फाटक ओलांडून आपण रस्त्यावर आलो आणि तेथल्या कडुनिंबाच्या सावलीत क्षणभर विसावलो, तर हा निंब कोणी लावला, पहिली तीन वर्षे त्याला पाणी कोणी घातले, त्याची वाळलेली फांदी उतरविण्याचे काम कोणाचे, हे प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाहीत. सावली आपण हक्काने घेतो. एखाद्या वादळी रात्री ते झाड उन्मळून पडले म्हणजे मात्र ते कोणाचे होते, याची चौकशी सुरू होते, आणि पुष्कळदा असे आढळते की ते कोणाचेच नव्हते.

सार्वजनिक जागेवरील झाडांचा सांभाळ गाव किंवा शहर कसा करते, हे एखाद्या विशिष्ट ठिकाणाच्या आधाराने पाहिले तर अधिक स्पष्ट होईल. म्हणून आज आपण झाशीच्या छावणीकडे पाहणार आहोत. झाशी मराठी माणसाला परकी नाही. १७४२ च्या सुमारास नारोशंकरांनी तेथे पेशव्यांचा अंमल बसविला, किल्ला वाढविला आणि त्याच्या पायथ्याशी शहर वसविले. पुढे नेवाळकरांच्या घराण्याने ते सांभाळले आणि राणी लक्ष्मीबाईंनी त्याचे नाव अजरामर केले. शहराबाहेर इंग्रजांनी छावणी घातली होती. त्या छावणीतील तारकेच्या आकाराचा लहानसा किल्ला ५ जून १८५७ रोजी शिपायांनी ताब्यात घेतला आणि झाशीतील उठावाला तोंड फुटले.

झाशीची भूमी झाडांना सहजासहजी थारा देणारी नाही. बुंदेलखंडाच्या या भागात ग्रॅनाइटचा खडक जागोजाग वर डोकावतो. त्यावरचा मातीचा थर पातळ असतो. वर्षाचा बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत पडून जातो आणि उरलेले महिने जमीन कोरडी राहते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि दुपारी लू वाहू लागते. अशा ठिकाणी सावलीला शोभेपेक्षा निराळी किंमत येते. १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोजने झाशीला वेढा घातला, तेव्हा राणीने भोवतालचा मुलूख आधीच उजाड करून ठेवला होता. शत्रूच्या जनावरांना चारा मिळू नये आणि सैनिकांना झाडाचा आसरा मिळू नये, हा त्यामागचा हेतू होता. पुढे मे महिन्यात कूंच येथील लढाईत गोऱ्या पलटणींतील अनेक जण उन्हानेच कोसळले आणि खुद्द रोजलाही उन्हाचा तडाखा बसला. बुंदेलखंडात सूर्य हाही एक सेनापती आहे, हे इंग्रजांना त्या मोहिमेत कळून चुकले.

हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याचा विचार करण्यासाठी १८५९ मध्ये एक राजकीय आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पाठोपाठ १८६४ मध्ये छावण्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. हवेशीर बराकी, स्वच्छ पाणी, सांडपाण्याची वाट आणि मोकळी जागा यांकडे त्यानंतर अधिक कसोशीने लक्ष दिले जाऊ लागले. सरळ, रुंद आणि दुतर्फा झाडी असलेले रस्ते ही तर छावण्यांची खूणच ठरली. वाटेवर झाडे लावण्याची कल्पना अर्थातच इंग्रजांची नव्हे. सम्राट अशोकाने माणसांच्या आणि पशूंच्या सुखासाठी मार्गांवर झाडे लावविल्याचे व विहिरी खोदविल्याचे आपल्या लेखांत कोरून ठेवले आहे. त्याच अशोकाचे नाव स्पष्टपणे देणारा एक शिलालेख झाशीशेजारच्या दतिया जिल्ह्यात गुजर्रा येथे सापडला आहे. इंग्रजी अमदानीत नवी भर पडली ती नोंदवही, अंदाजपत्रक आणि जबाबदार अधिकारी या गोष्टींची.

झाशीच्या इतिहासात एक गोष्ट विशेष आहे. १८६१ मध्ये झाशी शहर शिंद्यांच्या ताब्यात गेले. छावणी आणि तिच्या लगतची झाशी-नवाबाद ही वस्ती मात्र इंग्रजांकडेच राहिली. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरारची छावणी शिंद्यांना परत मिळाली आणि त्यांच्या मोबदल्यात झाशी शहर इंग्रजांकडे आले. म्हणजे पंचवीस वर्षे एकमेकांना लागून असलेल्या दोन वस्त्यांवर दोन राज्ये होती. राज्ये गेली, तरी शहराचा कारभार वेगळा आणि छावणीचा वेगळा ही रीत पुढेही चालू राहिली.

आता छावणीच्या आत काय व्यवस्था असते ते पाहू. रस्त्यांच्या कडेला आणि इतर सार्वजनिक जागी झाडे लावणे व ती राखणे हे १९२४ च्या छावणी कायद्याने छावणी मंडळाच्या कर्तव्यांत घातले. त्याच्या जागी आलेल्या २००६ च्या कायद्यानेही ते कर्तव्य कायम ठेवले. दिवाबत्ती, झाडलोट आणि पाणीपुरवठा यांच्याच पंक्तीला झाडांचा सांभाळ बसविलेला आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कायद्याच्या दृष्टीने रस्त्यावरचे झाड हे रस्त्यावरच्या दिव्याइतकेच आवश्यक आहे.

परंतु छावणीतील सगळीच जमीन मंडळाची नसते. १९३७ च्या नियमांनी छावणीतील जमिनीचे वर्ग पाडले आणि प्रत्येक तुकड्याची नोंद एका मोठ्या भूमी-नोंदवहीत केली. ‘ए’ वर्गातील जमीन प्रत्यक्ष लष्कराच्या उपयोगाची किंवा त्यासाठी राखून ठेवलेली. ‘बी’ वर्गात केंद्राच्या इतर खात्यांची, राज्य सरकारची, जुन्या करारांवर बंगल्यांसाठी दिलेली आणि रिकामी जमीन. ‘सी’ वर्गातील जमीन मंडळाकडे सोपविलेली. रस्ते, बाजार, बागा यांसाठी. या विभागणीचा परिणाम झाडांवर असा होतो की एकाच सरळ रस्त्याने शंभर पावले चालताना आपण तीन निरनिराळ्या धन्यांच्या झाडांखालून जाऊ शकतो. रस्त्याच्या कडेचा निंब मंडळाचा, बराकीच्या आवारातील चिंच लष्कराची, आणि जुन्या बंगल्याच्या कुंपणातून बाहेर झुकलेला शिरीष ज्या जमिनीवर उभा आहे ती सरकारची, पण ताबा बंगलेवाल्याचा.

या पद्धतीचा एक मोठा फायदा आहे. छावणीत मोकळी जमीन सहजासहजी गिळंकृत होत नाही. रस्ता आणि घर यांच्यामध्ये झाडाला पसरायला जागा उरते. आपल्या महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि कामठी अशा सात ठिकाणी छावण्या वसल्या. शेजारच्या दाट वस्तीतून या छावण्यांच्या हद्दीत शिरताना हवेतला फरक ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हे निराळे सांगायला नको. तोटाही तितकाच उघड आहे. फांदी तुटली एका हद्दीत आणि पडली दुसऱ्या हद्दीत, म्हणजे पत्रव्यवहार सुरू होतो, आणि तो मिटेपर्यंत दुसरे वादळ येते.

झाड लावणे ही या सांभाळाची पहिली पायरी. आपल्याकडे ती पायरी मोठ्या उत्साहाने चढली जाते. कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० च्या जुलैमध्ये वनमहोत्सवाची प्रथा सुरू केली. ११ जुलै २०१६ रोजी उत्तर प्रदेशात एका दिवसात सुमारे पाच कोटी रोपे लावण्याचा विक्रम झाला. या उत्साहाला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र झाशीसारख्या भूमीत रोपाचे भवितव्य लावण्याच्या दिवशी ठरत नाही. ते दोन महिने आधी खड्डा कसा खणला यावर आणि नंतरचे तीन उन्हाळे पाणी मिळाले की नाही यावर ठरते. खडकाळ जमिनीत खड्डा चांगला हातभर रुंद आणि त्याहून खोल हवा. तो उन्हाळ्यात खणून तापू द्यावा, आणि भरताना मुरमाऐवजी तळ्यातला गाळ व कुजलेले शेणखत घालावे. रोपाभोवती आळे करून त्यात पालापाचोळा पसरला तर ओल अधिक दिवस टिकते.

पाण्याचा हिशेब आपण साध्या उदाहरणाने करून पाहू. समजा, एका वर्षी पाचशे रोपे लावली. प्रत्येकाला एका वेळी वीस लिटर पाणी द्यायचे, म्हणजे एका पाळीला दहा हजार लिटर झाले. आठवड्यातून दोन पाळ्या धरल्या तर वीस हजार. पावसाचे महिने सोडून पस्तीस आठवडे हा क्रम चालवायचा, म्हणजे वर्षाला सात लाख लिटर. पाच हजार लिटरचा टँकर असेल तर त्याच्या एकशे चाळीस फेऱ्या झाल्या, आणि तीन वर्षांच्या चारशे वीस. पाचशे रोपे लावण्याला एक सकाळ पुरते. ती जगविण्याला या चारशे वीस फेऱ्या, त्यांचे इंधन, चालक आणि माळी लागतात. ज्या अंदाजपत्रकात रोपांची किंमत आहे पण या फेऱ्यांची तरतूद नाही, ते वृक्षारोपणाचे अंदाजपत्रक म्हणता येईल, वृक्षसंवर्धनाचे नव्हे.

कोणते झाड लावावे, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. सुदैवाने या बाबतीत झाशीला घरचाच सल्ला उपलब्ध आहे. गवत आणि चारा यांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था तेथे १९६२ पासून आहे. शेती आणि झाडे यांचा मेळ घालणारे संशोधन केंद्र १९८८ मध्ये तेथेच स्थापन झाले आणि २०१४ मध्ये त्याला केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्थेचा दर्जा मिळाला. कडुनिंब, चिंच, शिरीष, करंज, महुआ म्हणजे आपला मोह, ही या हवेला सरावलेली झाडे आहेत. जिथे पाणी जवळ आहे तिथे अर्जुन आणि जांभूळ चांगले वाढतात. लवकर वाढणारी परदेशी झाडे डोळ्यांना सुखवितात, पण त्यांतील काहींचे लाकूड ठिसूळ असते आणि उन्हाळ्याच्या शेवटी येणाऱ्या आंधीत ती आधी मोडतात. पिंपळ आणि वड यांच्यासारखी सावली दुसऱ्या कोणाची नाही. पण त्यांना प्रशस्त मैदान हवे. तोच पिंपळ जुन्या किल्ल्याच्या भिंतीत रुजला तर चिरा फोडून टाकतो, आणि मग त्याला बालपणीच काढून टाकणे भाग पडते.

झाड मोठे झाले म्हणजे काळजी संपली, अशी एक समजूत आहे. वास्तविक काळजीचे स्वरूप तेवढे बदलते. छाटणीचेच पाहा. फांदी खोडाला जिथे मिळते, तिथे सालीचा थोडा फुगीर पट्टा असतो. झाडाची जखम भरून काढणारी शक्ती त्या पट्ट्यात असते. फांदी त्या पट्ट्याच्या लगेच बाहेर कापली, तर काही वर्षांत साल सभोवार चढून जखम बुजते. खोडाशी अगदी सपाट कापली तर तो पट्टाच नाहीसा होतो, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून आत खोडात पोकळी जाते. मोठी फांदी एका घावात तोडू नये. प्रथम थोड्या अंतरावर खालून अर्धवट काप द्यावा, मग त्याच्या किंचित पुढे वरून करवत चालवून भार उतरवावा, आणि शेवटी उरलेला खुंट योग्य जागी कापावा. असे केले नाही तर फांदी पडताना खोडाची साल लांबवर सोलून नेते. हे ज्ञान दुर्मिळ नाही, पण ते करवत ज्याच्या हातात आहे त्याच्यापर्यंत पोचावे लागते. विजेच्या तारांखाली तर नेहमी उलटे घडते. तारेच्या बाजूचा सगळा विस्तार दरवर्षी कुऱ्हाडीने साफ केला जातो, झाडाचा भार एका अंगावर येतो, पहिल्या आंधीत ते दुसऱ्या बाजूला कलंडते, आणि दोष झाडाला दिला जातो.

मुळांची स्थिती याहून कठीण, कारण ती दिसत नाहीत. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या हात-दीड हात थरात असतात आणि फांद्यांच्या विस्ताराच्याही पलीकडे पसरतात. पाण्याच्या नळासाठी किंवा तारेसाठी खोडालगत चर खणला की यांतील मोठा भाग तुटतो. झाड लगेच मरत नाही. दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागते, आणि तोवर चर कोणी खणला हे विसरले गेलेले असते. बुंध्यापर्यंत आणून भिडविलेले सिमेंटही असेच हळूहळू घात करते. आपल्या गावांतले पार मातीत दगड बसवून रचलेले असत आणि त्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपत असे. आजचा सिमेंटचा पार झाडाला चहूकडून कोंडतो. दिल्लीतील झाडांच्या बाबतीत राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये बुंध्याभोवतीचे एक मीटरपर्यंतचे सिमेंट काढून टाकण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. छावण्यांत झाडांच्या बुंध्यांना चुना आणि गेरू लावण्याचा शिरस्ता आहे. रात्री वाहनांना झाड दिसावे, हा त्याचा एक उपयोग निश्चित आहे. पण गेरूचा पट्टा दरवर्षी नवा होतो आणि त्याखालची माती मात्र दगडासारखी घट्ट राहते, असे होता कामा नये.

कधी कधी झाड तोडण्याचाही प्रसंग येतो. रस्ता रुंद करावा लागतो, झाड आतून पोखरलेले असते, माणसांच्या जिवाला धोका असतो. तेव्हा निर्णय कोणी आणि कशाच्या आधारावर घ्यावा? आपल्या परंपरेत या प्रश्नाचे एक उत्तर फार जुने आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याविषयी नियम आहेत. आंबा आणि फणस यांचे लाकूड उपयोगी असले तरी त्यांना हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, असा त्यांचा आशय आहे. अगदीच जुने झालेले झाड हवे असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. झाडाला लागलेला काळ हीच त्याची खरी किंमत, हा विचार त्यात आहे.

आजचा कायदा फिरून त्याच विचारापाशी आला आहे. उत्तर प्रदेशात झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७६ पासून आहे. महाराष्ट्राने शहरांतील झाडांसाठी १९७५ मध्ये कायदा केला. त्याने वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी यांची योजना केली व दर पाच वर्षांनी झाडांची गणना करण्याचे बंधन घातले. २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचे स्थान मिळाले, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावण्याचे तत्त्व आले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एका समितीने झाडाच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे चौऱ्याहत्तर हजार पाचशे रुपये, असा त्याच्या मोलाचा अंदाज मांडला. हा आकडा कमी की जास्त याविषयी मतभेद होऊ शकतील. पण साठ वर्षांच्या चिंचेच्या जागी साठ रोपे लावली तरी पुढची निदान वीस वर्षे त्या वाटेवरचा माणूस उन्हातच चालणार, हे कोणालाही मान्य व्हावे.

या सर्व व्यवस्थेचा पाया म्हणजे नोंद. मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये पूर्ण केलेल्या गणनेत शहरात सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे आढळली. अशा गणनेचे महत्त्व एकूण आकड्यापेक्षा एकेका झाडाच्या नोंदीत असते. झाड कोणते, कोठे, किती घेराचे, प्रकृती कशी, मागची छाटणी केव्हा झाली, आणि जबाबदार कोण, एवढे लिहिलेले असले म्हणजे ते झाड बेवारस राहत नाही.

झाशीच्या आणि देशातील सर्वच छावण्यांच्या दृष्टीने हा मुद्दा आता विशेष निकडीचा झाला आहे. २०२३ पर्यंत देशात बासष्ट छावण्या होत्या. त्या वर्षी हिमाचल प्रदेशातील योल येथील छावणी प्रथम बरखास्त झाली. तेथील नागरी भाग स्थानिक संस्थेकडे सोपविण्याचे आणि लष्कराचा भाग लष्करी ठाणे म्हणून ठेवण्याचे धोरण त्यामागे होते. इतर छावण्यांच्या नागरी वस्त्यांबाबतही केंद्र सरकारने हीच दिशा घेतली. नागरिकांना राज्य सरकारच्या योजनांचा लाभ मिळावा, एका शहरात दोन कारभार नसावेत, हा हेतू समजण्यासारखा आहे. अशा हस्तांतरणात इमारती मोजल्या जातात, कर्मचाऱ्यांची आणि कर्जांची यादी होते, नळ आणि दिव्यांचे खांब मोजले जातात. झाडांची यादी त्यांच्याबरोबर जाते का, हे पाहणे तितकेच जरूर आहे. जमीन एका वहीतून दुसऱ्या वहीत गेली आणि झाड मात्र कोणत्याच वहीत राहिले नाही, तर रस्ता रुंद करण्याच्या पहिल्याच योजनेत त्याच्या बाजूने बोलणारा कागद कोणाकडेही नसेल. सदर बाजारासारख्या वस्तीत दुकानदाराला आपल्या दुकानासमोरचा निंब किती जुना हे तोंडपाठ असते. पण तोंडपाठ माहिती निविदेला अडवू शकत नाही.

यात नागरिकाचेही काम आहे. उन्हाळ्यात आपल्या दारासमोरच्या रोपाला बादलीभर पाणी घालणे, लोखंडी जाळी खोडात रुतू लागली की ती वेळीच काढायला लावणे, फलकांसाठी खिळे ठोकू न देणे, चर खणणाऱ्याला दोन हात दूर जाण्याविषयी सांगणे, या गोष्टींना अधिकारपत्र लागत नाही. आणि गणनेचे लोक दारी आले म्हणजे आपल्या रस्त्यावरचे एकही झाड मोजायचे राहून गेले नाही, याची खात्री करून घ्यावी.

बुंदेलखंडात जून सरता सरता पाऊस येतो. तो येण्याआधी खड्डे तयार हवेत, वाळलेल्या फांद्या उतरलेल्या हव्यात आणि मागच्या वर्षीच्या रोपांपैकी किती जगली याचा आकडा वहीत लिहिलेला हवा. तो आकडा दरवर्षी कोणी तरी जाहीरपणे वाचून दाखवील, तर रोपे किती लावली हे विचारण्याची आपली सवय हळूहळू बदलेल.